व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू लिनक्स बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं विंडोज १० किंवा ११, व्हर्च्युअलबॉक्स ७ आणि उबंटू २४.०४ गृहीत धरून दिली आहेत. ज्यावर सगळं चालतं तो तुमचा खरा संगणक म्हणजे होस्ट, आणि त्याच्या आत बसवलेलं लिनक्स म्हणजे गेस्ट. टर्मिनलच्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाकायच्या.

१. व्हर्च्युअल मशीन म्हणजे नेमकं काय? त्यात लिनक्स बसवलं तर माझं विंडोज पुसलं जाईल का?

नाही. व्हर्च्युअलबॉक्स हा विंडोजवर चालणारा एक प्रोग्राम आहे. तो थोडी रॅम, प्रोसेसरचे काही कोर आणि डिस्क म्हणून एक मोठी फाइल घेतो, आणि आतल्या लिनक्सला तोच संपूर्ण संगणक वाटतो. त्या फाइलला व्हीडीआय म्हणतात. लिनक्सच्या सगळ्या फाइली तिच्यातच राहतात. मशीन नको झालं तर त्याच्या नावावर राइट क्लिक करून ‘रिमूव्ह’ आणि मग ‘डिलीट ऑल फाइल्स’ निवडायचं, की काम संपलं.

२. व्हर्च्युअल मशीन, ड्युअल बूट की डब्ल्यूएसएल? मी काय घेऊ?

फक्त टर्मिनल, कंपायलर, पायथन एवढंच हवं असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) सगळ्यात हलकं पडतं. कॉलेजच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलपैकी बराचसा भाग त्यात होतो. पूर्ण डेस्कटॉप हवा असेल, डिस्कचे भाग पाडून पाहायचे असतील, नेटवर्कचे प्रयोग करायचे असतील किंवा मोडून पुन्हा उभं करायचं असेल, तर व्हर्च्युअल मशीन. ग्राफिक्स कार्डाची पूर्ण ताकद लागणार असेल, म्हणजे खेळ किंवा एनव्हिडियाच्या कार्डावर मॉडेल ट्रेनिंग, तर व्हर्च्युअलबॉक्स उपयोगाचा नाही. आतल्या लिनक्सला ते कार्ड दिसतच नाही. नव्याने शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी ड्युअल बूटच्या (खऱ्या डिस्कवर विंडोजशेजारी लिनक्स बसवण्याच्या) वाटेला जाऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. तिथे चुकीचं पार्टिशन निवडलं तर खरा डेटा जातो.

३. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. चालेल का? आणि ४ जीबी असेल तर?

८ जीबीवर चालतं, फक्त क्रोमचे वीस टॅब बंद ठेवा. मशीनला ४०९६ एमबी आणि २ कोर द्या, कारण उबंटू डेस्कटॉपला किमान ४ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क लागते. ४ जीबीच्या लॅपटॉपवर उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप लावू नका. दोन्ही बाजू डिस्कवर स्वॅप करत (रॅम अपुरी पडल्याने डिस्कच रॅमसारखी वापरत) बसतात आणि माउसही अडखळतो. तिथे लुबंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २०४८ एमबीवर बसवा. रॅमएवढाच फरक डिस्कने पडतो. फिरत्या हार्ड डिस्कवर लॉगिनला मिनिटं जातात, एसएसडीवर तेच काही सेकंदांत होतं. जुन्या लॅपटॉपवर खर्च करायचाच असेल तर पहिला एसएसडीवर करा.

४. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे का? व्हीएमवेअर जास्त चांगलं नाही का?

व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ प्रोग्राम जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला आहे. मात्र ‘एक्स्टेन्शन पॅक’चा परवाना वेगळा आहे. तो वैयक्तिक आणि शैक्षणिक वापराला फुकट, कंपनीत वापरायचा तर विकत. आवृत्ती ७ पासून यूएसबी २ आणि ३ साठी हा पॅक लागत नाही, म्हणून बहुतेकांनी तो घेऊच नये. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे आणि त्याचे ग्राफिक्स सहसा जास्त सफाईदार चालतात. पण डाउनलोडसाठी व्हीएमवेअरची मालक कंपनी ब्रॉडकॉमचं खातं उघडावं लागतं. दोन्हींपैकी एक निवडा आणि त्यावरच राहा.

५. कोणतं लिनक्स डाउनलोड करू, आणि फाइल नीट उतरली हे कसं कळेल?

उबंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी, आवृत्ती घ्या. २४.०४ ही एप्रिल २०२४ मध्ये आली आणि तिला ५ वर्षं नेहमीचे अपडेट मिळतात. आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या डिस्कची एका फाइलमधली प्रत, साधारण ६ जीबीची आहे. मित्राकडून पेन ड्राइव्हवर आणणार असाल तर लक्षात ठेवा, एफएटी३२ फॉरमॅटच्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. ड्राइव्ह एक्सएफएटी किंवा एनटीएफएस करून घ्या.

तपासणीसाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयुटिल’, मग ‘-हॅशफाइल’, फाइलचं नाव आणि शेवटी ‘एसएचए२५६’ द्या. आलेली लांबलचक संख्या उबंटूच्या साइटवरच्या संख्येशी तंतोतंत जुळली पाहिजे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तुटत तुटत उतरलेली फाइल इन्स्टॉलेशन अर्ध्यावर असताना दगा देते आणि दोष मात्र व्हर्च्युअलबॉक्सवर जातो. हे दोन मिनिटांचं काम टाळू नका.

६. व्हर्च्युअलबॉक्सच इन्स्टॉल होत नाही. ‘व्हिज्युअल सी++’ काहीतरी मागतं.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल, एक्स६४ प्रकारचं, आधी बसवा आणि मग पुन्हा प्रयत्न करा. त्यानंतर पायथनबद्दल इशारा आला तर ‘येस’ म्हणून पुढे जा, तो भाग फक्त स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी आहे. इन्स्टॉल होताना नेटवर्क क्षणभर तुटतं. ऑनलाइन परीक्षा किंवा मीटिंग चालू असताना हे काम काढू नका.

७. ‘व्हीटी-एक्स इज नॉट अव्हेलेबल’ असं येतं, किंवा यादीत फक्त ३२-बिट पर्याय दिसतात. आता?

व्हीटी-एक्स म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवण्यासाठीची प्रोसेसरची सोय. आधी टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’ निवडा आणि खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर काय लिहिलंय ते वाचा.

‘डिसेबल्ड’ असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) जावं लागेल. त्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) सुरू आहे का ते बघा. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर तो आपोआप सुरू असतो, आणि बायोसमधला बदल झाल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात सहसा साठवलेली असते. ती आधी कागदावर उतरवून घ्या, मगच पुढे जा. मग शिफ्ट दाबून धरत ‘रीस्टार्ट’, पुढे ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’. इंटेलच्या मशीनवर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीच्या मशीनवर ‘एसव्हीएम मोड’ चालू करायचा. तो कुठे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’खाली, कुठे ‘सिक्युरिटी’खाली, तर कुठे ‘सीपीयू कॉन्फिगरेशन’खाली लपलेला असतो.

‘एनेबल्ड’ दाखवत असूनही अडत असेल तर विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन यंत्रणेने, हायपर-व्हीने, ती सोय आधीच ताब्यात घेतलेली असते. त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

८. नवीन मशीन बनवताना कोणत्या सेटिंग ठेवू?

‘न्यू’ दाबा, नाव द्या, आयएसओ निवडा. इथे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘स्किप अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’वर टिक करा. नव्या आवृत्त्यांत हाच चौकोन उलट शब्दांत, ‘प्रोसीड विथ अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’ असा येतो. तिथली टिक काढायची. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

रॅम प्रश्न ३ प्रमाणे. कोर खऱ्या कोरांच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत. सगळे दिले की विंडोज गुदमरतं आणि त्याच्यासोबत गेस्टही. डिस्क २५ जीबीवर थांबवू नका, ४० किंवा ५० ठेवा. डायनॅमिक प्रकारची फाइल जितकं भरेल तितकीच फुगते, त्यामुळे मोठा आकडा दिल्याने लगेच जागा जात नाही. नंतर वाढवायचं काम मात्र किचकट आहे (प्रश्न २०). ‘सेटिंग्ज’मध्ये ‘डिस्प्ले’खाली व्हिडिओ मेमरी १२८ एमबी आणि कंट्रोलर ‘व्हीएमएसव्हीजीए’. एखादी सेटिंग दिसतच नसेल तर वरती ‘बेसिक’ऐवजी ‘एक्सपर्ट’ निवडा.

९. उबंटू आपोआप बसलं, पण टर्मिनल उघडत नाही आणि सुडो वापरायला गेलं की ‘नॉट इन द सुडोअर्स फाइल’ येतं.

आमच्याकडे सर्वाधिक येणारा प्रश्न हाच. ‘अनअटेंडेड’चा पर्याय चालू राहून गेला की व्हर्च्युअलबॉक्स काही न विचारता उबंटू बसवतो. युजर ‘व्हीबॉक्सयूजर’, पासवर्ड ‘चेंजमी’. हा युजर सुडो गटात (अ‍ॅडमिनचे हक्क वापरू शकणाऱ्यांच्या गटात) नसतो आणि भाषेची सेटिंगही अर्धवट राहू शकते. टर्मिनल चक्र फिरवून गप्प बसतं ते त्यामुळेच.

दुरुस्ती अशी. उबंटूच्या सेटिंगमध्ये भाषा आणि प्रदेश बदलून पुन्हा लॉगिन करा, टर्मिनल उघडेल. त्यात ‘एसयू’, एक जागा आणि वजाचं चिन्ह टाइप करा. पासवर्ड त्या युजरचाच असतो. मग ‘अ‍ॅडयूजर व्हीबॉक्सयूजर सुडो’ द्या आणि मशीन रीस्टार्ट करा. एवढं करून सुटतं, पण मशीनमध्ये अजून काहीच काम झालेलं नसेल तर ते काढून टाका आणि प्रश्न ८ प्रमाणे ‘अनअटेंडेड’ टाळून नव्याने बसवा. अर्ध्या तासात स्वच्छ मशीन मिळतं.

१०. इन्स्टॉलर ‘इरेझ डिस्क अँड इन्स्टॉल उबंटू’ म्हणतो. दाबू का? भीती वाटते.

दाबा. त्याला दिसणारी डिस्क म्हणजे तुम्ही बनवलेली ती रिकामी फाइल. खात्री करायची तर तिथे लिहिलेला आकार बघा. ५० जीबी दिली असेल तर तेवढीच दिसेल, तुमची ५१२ जीबीची खरी डिस्क नाही. याला अपवाद एकच, कुणी मुद्दाम खरी डिस्क मशीनला जोडली असेल तर. ते आज्ञा देऊनच करावं लागतं, चुकून होत नाही.

बाकीचे टप्पे सोपे आहेत. भाषा, कीबोर्ड, नेटवर्क, ‘इंटरॅक्टिव्ह इन्स्टॉलेशन’, ‘डिफॉल्ट सिलेक्शन’, मग नाव, पासवर्ड आणि वेळेसाठी कोलकाता. इन्स्टॉलरचंच अपडेट आलं असं दिसलं तर ‘स्किप’ चालतं. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या चौकोनाची गरज नाही, कारण इथे खरं कार्डच नाही. व्हिडिओच्या कोडेकचा चौकोन मात्र उपयोगी आहे. नाव रोमन छोट्या अक्षरांत, जागा न सोडता द्या.

११. इन्स्टॉलरच्या खिडकीत खालचं ‘नेक्स्ट’ बटणच दिसत नाही.

सुरुवातीला स्क्रीन छोटी असते आणि खिडकी तिच्याबाहेर जाते. विंडोज-की दाबून धरा आणि माउसने खिडकी कुठूनही पकडून वर ओढा. ती की विंडोजच पळवत असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘व्ह्यू’ मेनूतून ‘व्हर्च्युअल स्क्रीन १’खाली मोठा आकार निवडा.

१२. इन्स्टॉल झालं, रीस्टार्ट केलं, आणि पुन्हा तोच इन्स्टॉलर समोर आला.

आयएसओ अजून ड्राइव्हमध्येच आहे. मशीन बंद करा, ‘सेटिंग्ज’मधल्या ‘स्टोरेज’मध्ये आयएसओच्या नावावर जाऊन ‘रिमूव्ह डिस्क फ्रॉम व्हर्च्युअल ड्राइव्ह’ करा. खालची व्हीडीआय फाइल काढू नका, लिनक्स तिच्यातच आहे. ‘प्लीज रिमूव्ह द इन्स्टॉलेशन मीडियम’ असं लिहून स्क्रीन थांबली असेल तर नुसतं एंटर पुरतं.

१३. स्क्रीन छोटीच राहते, विंडोजमधून कॉपी-पेस्ट होत नाही. काय राहिलं?

गेस्ट अ‍ॅडिशन्स, म्हणजे गेस्टमध्ये बसवायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर. टर्मिनलमध्ये आधी ‘सुडो एपीटी अपडेट’, मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी मेक पर्ल’. हे आधी केलं नाही तर पुढचा टप्पा वरवर पूर्ण होतो, पण कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) मॉड्यूल तयार होत नाही. मग ‘डिव्हायसेस’ मेनूतून ‘इन्सर्ट गेस्ट अ‍ॅडिशन्स सीडी इमेज’. डाव्या पट्टीत सीडी दिसेल, ती उघडा, ‘ऑटोरन’ नावाच्या फाइलवर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ प्रोग्राम’, आणि शेवटी रीस्टार्ट. ‘डिव्हायसेस’मध्येच ‘शेअर्ड क्लिपबोर्ड’ ‘बायडायरेक्शनल’ करा, ते मुळात बंद असतं.

एवढं करूनही कॉपी-पेस्ट अडत असेल तर कारण बहुतेक वेलँड, म्हणजे उबंटूची स्क्रीनवर चित्र दाखवणारी नवी यंत्रणा. लॉगिन करताना पासवर्डच्या पानावर खाली उजवीकडच्या चाकावर क्लिक करून ‘उबंटू ऑन झॉर्ग’ निवडा. काही आठवड्यांनी कर्नल अपडेट झाल्यावर स्क्रीन पुन्हा छोटी झाली तर ‘सुडो आरसीव्हीबॉक्सअ‍ॅड सेटअप’ चालवून रीस्टार्ट करा. उबंटूच्या भांडारातलं गेस्ट पॅकेज आणि सीडीवरचं, दोन्ही एकत्र बसवू नका. एकमेकांच्या फाइली बिघडवतात.

१४. शेअर्ड फोल्डर दिसतो, पण उघडला की ‘परमिशन डिनाइड’.

तुमचा युजर योग्य गटात नाही. ‘सुडो अ‍ॅडयूजर’, मग तुमचं युजरनाव, मग ‘व्हीबॉक्सएसएफ’. नुसतं लॉगआउट करून काही वेळा भागत नाही, रीस्टार्टच करा. ‘ऑटो-माउंट’वर टिक असेल तर फोल्डर ‘मीडिया’खाली ‘एसएफ’ आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या नावाने सापडतो. या फोल्डरमध्ये सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) बनवणारी कामं, उदाहरणार्थ नोडचे प्रोजेक्ट, ठेवू नका. ती अडतात. गेस्टच्या होम फोल्डरमध्ये काम करा आणि देवाणघेवाणीपुरताच हा फोल्डर वापरा.

१५. उबंटूत वायफायचं चिन्हच नाही. नेट कसं जोडू? आणि विंडोजमधून त्यात एसएसएच कसं करू?

वायफाय दिसणारही नाही, आणि ते बरोबरच आहे. मशीनला एक आभासी वायरचं कार्ड मिळतं आणि होस्टचं नेट, मग ते वायफायचं असो की हॉटस्पॉटचं, त्यातून आत जातं. मूळ सेटिंग ‘नॅट’ आहे, पत्ता १०.०.२.१५. प्रत्येक नॅट मशीनला हाच पत्ता मिळतो, म्हणून दोन मशीन एकमेकांना दिसत नाहीत. त्यासाठी ‘नॅट नेटवर्क’ बनवावं लागतं.

एसएसएचसाठी (नेटवर्कवरून गेस्टचं टर्मिनल वापरण्यासाठी) गेस्टमध्ये ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ बसवा आणि नॅटच्या ‘पोर्ट फॉरवर्डिंग’मध्ये होस्टचा २२२२, गेस्टचा २२ असा नियम घाला. मग विंडोजमधून १२७.०.०.१ वर, पोर्ट २२२२ ला जोडा. ‘ब्रिज्ड’ वापरलं तर मशीनला राउटरकडून स्वतंत्र पत्ता मिळतो. घरी ते चालतं, पण हॉस्टेल किंवा ऑफिसच्या वायफायवर, जिथे उपकरणांची नोंद करावी लागते, तिथे बहुधा अडतं. तिथे नॅटच ठेवा.

१६. मशीन भयंकर हळू चालतं आणि खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं.

ते कासव म्हणजे निदानच आहे. विंडोजचा हायपर-व्ही प्रोसेसर धरून बसलाय आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत चालावं लागतंय. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये ‘हायपर-व्ही’, ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ आणि ‘विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म’ या तिन्हींची टिक काढा. तरी कासव गेलं नाही तर विंडोज सिक्युरिटीत ‘कोअर आयसोलेशन’खालचं ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करावं लागतं. शेवटचा उपाय म्हणजे अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘बीसीडीएडिट /सेट हायपरवायझरलाँचटाइप ऑफ’ आणि रीस्टार्ट. परत आणायचं तर ‘ऑफ’ऐवजी ‘ऑटो’.

याची किंमत आहे, ती ओळखून ठरवा. डब्ल्यूएसएल २ आणि डॉकर डेस्कटॉप यानंतर चालणार नाहीत, आणि मेमरी इंटिग्रिटी हे खरं सुरक्षाकवच आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर त्याला हात लावू नका. तिथे कासव सोसा किंवा डब्ल्यूएसएल वापरा.

१७. लॉगिननंतर काळी स्क्रीन, किंवा खिडक्यांत रेघा आणि ठिपके.

मशीन बंद करून ‘डिस्प्ले’मधलं ‘थ्रीडी अ‍ॅक्सलरेशन’ काढा. बहुतेक वेळा एवढंच कारण असतं.

१८. उबंटूत मराठी टाइप कसं करायचं?

मराठी अक्षरं दाखवणारे फॉन्ट उबंटूत असतात. टायपिंगसाठी ‘सेटिंग्ज’, ‘कीबोर्ड’, ‘अ‍ॅड इनपुट सोर्स’मध्ये मराठी शोधा. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) येत असेल तर तिथला पर्याय पुरेसा आहे. रोमन अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे लिहायचं असेल तर ‘आयबस-एम१७एन’ पॅकेज बसवून पुन्हा लॉगिन करा, मग यादीत आयट्रान्स आणि फोनेटिक येतात. भाषा बदलायला विंडोज-की आणि स्पेस. ही जोडी विंडोज स्वतःकडे खेचत असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘इनपुट’खाली कीबोर्डचं ‘ऑटो कॅप्चर’ चालू आहे का बघा.

१९. स्नॅपशॉट घेतला म्हणजे बॅकअप झाला का?

नाही. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, त्याच डिस्कवर, मूळ व्हीडीआयच्या आधाराने राहतो. लॅपटॉपची डिस्क गेली की दोन्ही गेलं. बॅकअपसाठी मशीन बंद करून ‘एक्सपोर्ट अप्लायन्स’ने ओव्हीए फाइल बनवा आणि ती बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा. स्नॅपशॉट प्रयोगाआधी घ्यायचा. गेस्ट अ‍ॅडिशन्स नीट बसले की पहिला स्नॅपशॉट लगेच घ्या. पुढे काहीही बिघडलं तरी मिनिटभरात तिथे परत येता येतं. पण दहा-दहा साठवू नका, प्रत्येक नवा स्नॅपशॉट जागा खातो आणि डिस्क वाढवणंही अवघड करतो.

२०. गेस्टची डिस्क भरली. वाढवता येते का? आणि फाइली पुसूनही व्हीडीआय लहान का होत नाही?

वाढवता येते. स्नॅपशॉट असतील तर आधी ते काढून घ्या. मशीन बंद करा, ‘टूल्स’मधल्या मीडियाच्या यादीत व्हीडीआय निवडा, खालचा आकडा वाढवा, ‘अप्लाय’. हे अर्धंच काम झालं. गेस्ट सुरू करून त्यात ‘जीपार्टेड’ बसवा. तो मोकळी जागा वापरण्यासाठी दुरुस्ती विचारेल, ‘फिक्स’ म्हणा, आणि मुख्य ईएक्सटी४ पार्टिशन शेवटपर्यंत ताणा. उबंटूत स्वॅप ही फाइल असते, मधे वेगळं पार्टिशन येत नाही, म्हणून हे सरळ होतं.

लहान होणं मात्र आपोआप घडत नाही. गेस्टने फाइल पुसली तरी तिचे जुने बाइट तिथेच राहतात, आणि व्हर्च्युअलबॉक्सला ती जागा मोकळी आहे हे कळत नाही. ती आधी शून्यांनी भरून मग व्हीबॉक्समॅनेजच्या ‘मॉडिफायमीडियम’ आज्ञेला ‘--कॉम्पॅक्ट’ जोडून चालवावी लागते.

२१. एम१ किंवा त्यानंतरच्या मॅकवर हेच चालेल का?

या मॅकचा प्रोसेसर एआरएम प्रकारचा आहे, म्हणून एक्स८६ची (इंटेल-एएमडीसाठीची) आयएसओ चालणार नाही, किंवा नक्कल करून इतकी हळू चालेल की उपयोग नाही. एआरएम६४ची आयएसओ घ्या. फुकटात यूटीएम हा मॅकवरचा व्हर्च्युअल मशीनचा प्रोग्राम चांगला आहे. व्हर्च्युअलबॉक्सही ७.१ पासून या मॅकवर एआरएम गेस्ट चालवतो. २४.०४ हवं असेल तर एआरएमची सर्व्हर आवृत्ती बसवून ‘सुडो एपीटी इन्स्टॉल उबंटू-डेस्कटॉप’ केल्यावर नेहमीचा डेस्कटॉप मिळतो.

२२. वीज गेली, लॅपटॉप बंद पडला, आणि आता मशीन ‘इनिटरामएफएस’ लिहून थांबतं.

फाइल सिस्टिम लिहिता लिहिता तुटली आहे. घाबरून मशीन काढून टाकू नका. त्याच स्क्रीनवर कोणतं पार्टिशन बिघडलंय ते लिहिलेलं असतं, साध्या इन्स्टॉलेशनमध्ये बहुधा ‘/डेव्ह/एसडीए२’. ‘एफएससीके -वाय’ आणि त्यापुढे ते नाव द्या. दुरुस्त्यांची यादी सरकेल. ती थांबली की ‘एक्झिट’, आणि मशीन पुढे सुरू होतं. बॅटरी कमजोर असलेल्या लॅपटॉपवर काम थांबवताना खिडकीच्या फुलीवरून ‘सेव्ह द मशीन स्टेट’ निवडा. ‘पॉवर ऑफ’ म्हणजे चालू संगणकाची वायर ओढणंच असतं, तो पर्याय मशीन पूर्ण गोठलेलं असेल तरच वापरायचा.